‘आता तू फक्त बसून राहा’

कर्करोगाचे उपचार संपवून माणूस परळहून घरी परततो, त्या दिवसापासून आपल्या घरांत त्याच्यावर एक नवाच उपचार सुरू होतो. तो कोणत्याही डॉक्टरने लिहून दिलेला नसतो, त्याला मुदत नसते आणि त्याचे दुष्परिणाम कोणी मोजत नाही. ओटीवर खुर्ची मांडली जाते, खुर्चीत उशी येते, पायाशी स्टूल येते. “आई, तुम्ही कशाला हात लावू नका,” असे सून म्हणते. “बाय, खूप केलेस आयुष्यभर, आता गुमान बस,” असे शेजारीण म्हणते. धर्मग्रामातून भेटीला येणारी मंडळी फळांची पिशवी टेबलावर ठेवतात, एक प्रार्थना म्हणतात आणि उठताना “आराम करा हं” एवढे बजावून जातात. सहा महिन्यांनी त्या बाईला चर्चच्या पायऱ्या चढवत नाहीत, तेव्हा घरातले खालच्या आवाजात म्हणतात, “आजाराने पार खाल्ले तिला.” आमचे म्हणणे असे की, आजाराने खाल्ले ते खाल्लेच, परंतु उरलेल्यातला मोठा वाटा त्या खुर्चीने खाल्ला, आणि ती खुर्ची मायेने मांडलेली होती.

निष्काळजीपणावर कोरडे ओढणे सोपे असते. मायेवर लेखणी उचलली की लेखकच निर्दय ठरतो, ह्याची आम्हांस जाणीव आहे. तरीही वसईच्या धर्मग्रामांत आज अशी आळी शोधून सापडणार नाही, जिथून कोणी ना कोणी टाटा रुग्णालयाची फाईल काखोटीला मारून पहाटेची लोकल धरलेली नाही. १९४१ साली उघडलेल्या त्या रुग्णालयाने आपल्या कितीतरी माणसांना परत दिले. परत मिळालेल्या माणसाचे पुढे आपण काय करतो, हा प्रश्न म्हणूनच एखाद्या घराचा राहिलेला नाही.

प्रथम थकव्याविषयी. ‘तिला थकवा असतो, म्हणून ती बसते’ हे सर्वांत मोठे व सर्वांत प्रामाणिक समर्थन. थकवा खोटा नसतो. केमो आणि किरणोपचार ह्यांच्यानंतरचा थकवा महिनोन् महिने, कित्येकांना त्याहूनही अधिक काळ पुरतो. परंतु वाडीत दिवसभर राबलेल्या माणसाचा थकवा आणि हा थकवा ह्यांची जात वेगळी आहे. पहिला रात्रीच्या झोपेने उतरतो. दुसरा झोपेने उतरत नाही. उलट पडून राहण्याने तो घर करतो. पडून राहिलेल्या शरीराचे स्नायू झपाट्याने झडतात, स्नायू झडले की तेच साधे काम दुप्पट जड वाटते, जड वाटले की माणूस अधिक बसतो, आणि घरातले अधिक जपतात. स्तनाच्या कर्करोगानंतर पाच-पाच वर्षे ज्या गोळ्या घ्याव्या लागतात, त्यांतील काही गोळ्या हाडे ठिसूळ करतात. बसून राहिलेल्या बाईचे वजन वाढते व हाडे विरळ होतात, आणि ही दोन्ही संकटे एकाच खुर्चीत येऊन बसतात.

ह्या बाबतीत वैद्यकशास्त्राने आपले मत बदलून आता बराच काळ लोटला आहे. अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन ह्या संस्थेने बोलाविलेल्या तज्ज्ञांनी २०१० सालीच स्पष्ट सांगितले की, कर्करोगाच्या उपचारांच्या काळात व उपचारांनंतर व्यायाम सुरक्षित असून रुग्णाने निष्क्रियता टाळावी. २०१९ साली त्यांनी मापही ठरवून दिले: आठवड्यातून तीन वेळा अर्धा तास दम जरा वाढेल असे चालणे किंवा तत्सम हालचाल, आणि दोन वेळा स्नायूंना ताकद देणारा व्यायाम. एवढ्याने थकवा, चिंता व मनाची खिन्नता कमी होते आणि नित्याची कामे करण्याची शक्ती वाढते, असा त्यांचा निर्वाळा आहे. अमेरिकेतील कर्करोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२२ साली त्याच्याही पुढे जाऊन, बरे करण्याच्या हेतूने उपचार चालू असतानाच रुग्णाला व्यायाम सुचवावा, अशी शिफारस केली. आणि हे सारे परदेशी लोकांचे चोचले आहेत असे ज्यांना वाटते, त्यांनी परळकडे पाहावे. आपल्याच टाटा रुग्णालयाने स्तनाच्या कर्करोगाच्या ८५० स्त्रियांना घेऊन योगासनांची चाचणी केली आणि २०२२ साली तिचे निष्कर्ष जगापुढे मांडले. योगासने म्हटली की आपल्यांतील काहींच्या कपाळाला आठ्या पडतात. ज्यांना आसने नकोत त्यांनी चालावे. पायांना कोणताही धर्म अडवत नाही.

आता हाताची गोष्ट, कारण आपल्या बायकांवर सर्वाधिक अन्याय ह्या एका हातापायी झाला आहे. स्तनाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेत काखेतील लसिका ग्रंथी काढल्या, की त्या बाजूच्या हातातील पाण्याचा निचरा मंदावतो आणि काही स्त्रियांच्या हाताला सूज येते. डॉक्टर तिला लिम्फेडिमा म्हणतात. ह्या सुजेच्या भीतीने सांगण्यात आले की, त्या हाताने वजन उचलू नका. किती वजन? किती दिवस? ते कोणी सांगितले नाही, कोणी विचारले नाही, आणि ‘काही दिवस’चे ‘जन्मभर’ झाले. ह्या भीतीला इतिहास आहे. अमेरिकेतील शल्यविशारद विल्यम हॉल्स्टेड ह्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जी शस्त्रक्रिया रूढ केली, तीत स्तनासोबत छातीचे स्नायू व काखेतील सर्व ग्रंथी कापून काढीत. पुढे कित्येक दशके तीच रीत चालली. तसा हात सुजला व निकामी झाला तर नवल नव्हते. आज अनेक जणींच्या काखेतील मोजक्याच ग्रंथी तपासून पुढचा निर्णय घेतला जातो, छातीचे स्नायू जागच्या जागी राहतात. शस्त्रक्रिया बदलली, सूचना मात्र पणजीकडून नातीकडे दागिन्यासारखी येत राहिली.

१९९६ साली कॅनडातील व्हँकुव्हर शहरी क्रीडावैद्यकातले एक डॉक्टर, डॉन मॅकेन्झी, ह्यांनी ही भीती उघड्यावर तपासायचे ठरविले. स्तनाच्या कर्करोगातून गेलेल्या २४ स्त्रिया त्यांनी गोळा केल्या, त्यांना आधी हळूहळू तयार केले, आणि मग ड्रॅगन बोट नावाच्या लांबलचक होडीत बसवून वल्ही हातात दिली. वल्हविणे म्हणजे दंड, खांदा व छाती ह्यांचे अखंड आणि दमदार काम. प्रचलित समजुतीप्रमाणे त्यांचे हात सुजायला हवे होते. त्या हंगामात एकीलाही नव्याने सूज आली नाही. आज जगातील कित्येक देशांत अशा स्त्रियांच्या होड्या पाण्यात उतरतात. ज्यांना होडीची कथा पुराव्यादाखल पुरेशी वाटत नाही, त्यांच्यासाठी २००९ सालचा कॅथरिन श्मिट्झ ह्यांचा अभ्यास आहे. त्यांनी ज्यांच्या हाताला आधीच सूज होती अशाच १४१ स्त्रिया निवडल्या. निम्म्या जणींना वर्षभर आठवड्यातून दोनदा, सुरुवातीला देखरेखीखाली, दाबपट्टीचा बाही-मोजा घालून, अगदी थोड्यापासून वाढवीत वजने उचलावयास लावली. हातांची सूज दोन्ही गटांत सारखीच राहिली. परंतु सूज एकाएकी उसळून त्रास होण्याचे प्रमाण वजन न उचलणाऱ्यांत शेकडा २९ होते, तर उचलणाऱ्यांत शेकडा १४. ज्या हाताला जपले तो अधिक वेळा दुखावला, असाच ह्याचा अर्थ.

ज्या आयाबायांनी भाजीच्या आणि फुलांच्या टोपल्या डोक्यावर घेऊन वसई-विरारहून मुंबईचे बाजार गाठले, विहिरीवरून भरलेल्या कळश्या वाहिल्या, त्यांच्या लेकींना आज दुधाची पिशवी उचलली म्हणून घरातले दटावतात, हे चित्र आम्हांस विनोदी वाटत नाही. हात वापरला नाही की खांदा गोठतो. खांदा गोठला की डोक्यावरून झगा घालता येत नाही, केस विंचरता येत नाहीत, फळीवरचा डबा काढता येत नाही. मग प्रत्येक गोष्टीसाठी कोणाला तरी हाक मारावी लागते. घराची धनीण घरातली पाहुणी होते. आमच्या ओळखीच्या एका बाईने म्हटले होते, “स्तन गेला त्याचे दुःख मी गिळले, पण स्वयंपाकघरातून मला बाहेर काढले ते अजून गळ्याखाली उतरत नाही.” तिच्या घरातली माणसे अतिशय सज्जन आहेत.

कोणी म्हणेल, थकवा कमी होणे, हात मोकळा होणे हे ठीक. पण त्याने आयुष्य थोडेच वाढते? ह्या प्रश्नाला दीर्घकाळ सरळ उत्तर नव्हते. चालणारे रुग्ण अधिक जगतात असे अभ्यास सांगत, परंतु जे मुळात धडधाकट तेच चालतात, असा आक्षेप उरे, आणि तो रास्त होता. २०२५ साली मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या ८८९ रुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. मुख्यतः कॅनडा व ऑस्ट्रेलिया येथे २००९ पासून चाललेल्या ह्या चाचणीत शस्त्रक्रिया व केमो पूर्ण झालेल्या रुग्णांची सोडतीने दोन गटांत विभागणी केली होती. एका गटाला तीन वर्षे व्यायामाचा मार्गदर्शक दिला. दुसऱ्या गटाला आरोग्याची माहितीपुस्तके दिली. आठ वर्षांनी व्यायामाच्या गटातील शंभरांपैकी नव्वद जण हयात होते. पुस्तकांच्या गटातील त्र्याऐंशी. शंभर माणसांमागे सात. आपल्या रविवारच्या मिस्सेतील एका बाकावर साधारण तेवढीच माणसे बसतात. हेही सांगितले पाहिजे की, स्नायू व सांधे दुखावण्याचे प्रकार व्यायाम करणाऱ्यांत काहीसे अधिक झाले, आणि ती सारी माणसे चालू शकतील अशा प्रकृतीची होती. व्यायाम हे उपचारांना पर्याय नव्हेत. केमो सोडून चालत सुटा, असे कोणी सांगत नाही, आम्ही तर नाहीच.

ह्या चाचणीतील एक गोष्ट आम्हांस आकड्यांहूनही मोलाची वाटते. पुस्तके मिळालेल्यांनाही हालचाल करा, नीट आहार घ्या हे छापील सांगितलेलेच होते. म्हणजे ज्ञान दोन्ही बाजूंना होते. फरक माणसाचा होता. एका गटाकडे ठरलेल्या दिवशी वाट पाहणारे, ‘मागच्या आठवड्यात किती चाललात?’ असे विचारणारे, पाय दुखले तर तोडगा सुचविणारे कोणीतरी होते. वाचकहो, आपल्या धर्मग्रामांत पत्रकांची वाण कधीच नव्हती. कर्करोग जागृतीचे शिबिर होते, सभागृहात पडद्यावर चित्रे दाखवितात, चहा-बिस्किटे होतात, पत्रक बायबलात खूण म्हणून राहते. उपचार संपवून आलेल्या माणसाच्या दारी दर मंगळवारी सहा वाजता “चला, निघायचे ना?” म्हणून उभे राहणारे कोणी आहे काय?

‘डॉक्टरांनीच आराम सांगितला आहे’ हे उत्तर आम्ही अनेक ओट्यांवर ऐकले आहे. खोलात गेल्यावर बहुधा असे आढळते की, टाके ओले असताना, दोन-चार आठवड्यांसाठी सांगितलेली ती गोष्ट होती. बाह्यरुग्ण विभागात बाहेर दोनशे माणसे ताटकळत असताना डॉक्टर बाईच्या चालण्याविषयी स्वतःहून बोलतील, ही अपेक्षा धरण्यात अर्थ नाही. तेव्हा विचारावे आपणच, आणि नेमके विचारावे: मी रोज किती चालू? ह्या हाताने काय उचलू? कोणते दुखणे आले तर थांबू? फिजिओथेरपिस्टकडे चिठ्ठी द्याल काय? काहींच्या बाबतीत उत्तर सावधगिरीचे येईल व ते पाळलेच पाहिजे. रोग हाडांत उतरला असेल तर वाकणे, वळणे आणि वजन ह्यांना मर्यादा पडतात. रक्त फार कमी असेल, प्लेटलेट घसरल्या असतील, ताप असेल, तर तो दिवस विश्रांतीचाच. पोटावर पिशवी असलेल्याने जड उचलण्यापूर्वी नीट शिकून घ्यावे. केमोमुळे तळवे बधिर झालेल्या माणसाने रबरी सपाता पायांत सरकवून अंधारात निघू नये. मागे पट्टा असलेले घट्ट पादत्राण घालावे. एकाएकी वाढलेली सूज, छातीत कळ, कधी न लागलेली धाप ह्यांना व्यायामाने जिंकण्याच्या गोष्टी समजू नये. परंतु ‘जपून कर’ आणि ‘करूच नकोस’ ह्यांत एका जन्माचे अंतर आहे.

दुसरा आक्षेप नेमका उलट्या बाजूने येतो. ‘आमच्या बायका दिवसभर घरकामात असतात, त्यांना वेगळा व्यायाम कशाला?’ हा युक्तिवाद बहुतेक वेळा पुरुष करतात, आणि तोही बसून. घरकामाला आम्ही कमी लेखत नाही. केर काढणे, वाडीत पाणी देणे, मोगऱ्याच्या कळ्या खुडणे ही हालचालच आहे, आणि खुर्चीहून ती शतपटीने बरी. परंतु ओट्याशी दोन तास उभे राहिल्याने पाठ भरून येते, दम वाढत नाही. शिवाय घरकाम बाईच्या सोयीने चालत नाही. पाहुणा आला की ती दमलेली असो वा नसो, चहा टाकावाच लागतो. अर्धा तास चालणे मात्र तिचे स्वतःचे असते. आणखी एक बजावून ठेवतो: आमचा हा लेख पुढे करून कोणी आजारातून उठलेल्या सासूच्या वा सुनेच्या अंगावर घरची सारी कामे लोटू नयेत. तिला काय झेपते व काय आवडते हे तिला विचारावे. तिला विचारणे हाच मुळात आपला विसरलेला भाग आहे.

पुरुषांच्या बाबतीत कथा वेगळी, शेवट तोच. भारतीय पुरुषांत तोंडाचा कर्करोग सर्वाधिक आढळतो. तंबाखूचे ऋण आपण असे फेडतो. त्याच्या शस्त्रक्रियेत मानेतील ग्रंथी काढताना खांदा उचलणाऱ्या नसेला अनेकदा धक्का लागतो. खांदा खाली झुकतो, हात वर जात नाही आणि दुखत राहतो. नियमित व्यायामाने त्यात पुष्कळ सुधारणा होऊ शकते. पण हा माणूस व्यायामाला जात नाही, कारण त्याचा चेहरा बदललेला असतो आणि बोलणे लोकांना कळत नाही. तो ओटीवरही बसत नाही. आतल्या खोलीत टीव्हीसमोर बसतो. घरातले म्हणतात, त्याला बाहेर जायला आवडत नाही. बाहेर गेला की लहान मुले टक लावून पाहतात आणि मोठी माणसे मुद्दाम दुसरीकडे पाहतात, हे कोणी म्हणत नाही.

काही भाविक ह्या निष्क्रियतेला धार्मिक मुलामा देतात. ‘देवाने क्रूस दिला आहे, शांतपणे सोसावा.’ सोसण्याला आमचा आक्षेप नाही. ज्याने केमोचे फेरे काढले त्याला सोसणे शिकविण्याचा अधिकार आपणांपैकी फार थोड्यांना आहे. परंतु क्रूस वाहणारा चालत होता, एवढे तरी उपवासकाळात दर शुक्रवारी चौदा स्थाने फिरणाऱ्यांनी विसरू नये. पेत्राच्या सासूचा ताप उतरला तेव्हा ती उठून पाहुण्यांची सेवा करू लागली, असे शुभवर्तमानात आहे. आपल्यांपैकी कोणी त्या घरात असते, तर तिला हाताला धरून परत अंथरुणावर निजविले असते.

आणि अखेरीस रस्ता. चालावे म्हटले तर चालायचे कोठे? आपल्या गावांतून टँकर व डंपर धावतात, पदपथ नाहीत, संध्याकाळी कुत्र्यांची टोळी आडवी येते. डोक्याला रुमाल बांधून एखादी बाई बूट घालून निघाली, तर नाक्यावरून आवाज येतो, “ही निघाली बघा मॅरेथॉनला!” ह्या जिभांचा बंदोबस्त करणे आमच्या लेखणीच्या आवाक्यात नाही. परंतु जवळजवळ प्रत्येक चर्चशेजारी शाळा आहे, शाळेला मैदान आहे, मैदानाला कुंपण आहे, आणि दिवस मावळताच त्या कुंपणाच्या फाटकाला कुलूप लागते. क्रिकेटच्या सामन्यांसाठी ते फाटक रात्री बारापर्यंत दिव्यांच्या झगमगाटात उघडे राहिलेले आम्ही पाहिले आहे. पॅरिश कौन्सिलच्या येत्या बैठकीत कोणीतरी उठून एवढे तीनच ठराव मांडावेत: आठवड्यातून तीन सायंकाळी सहा ते साडेसात फाटक उघडे राहील, भिंतीलगत दोन बाके ठेवली जातील, म्हणजे दमलेल्याला मध्येच टेकता येईल, आणि रुग्णांना भेटी देणाऱ्या गटातील प्रत्येक जोडीकडे एका रुग्णाचे नाव राहील, जिला फळांच्या पिशवीऐवजी पायांत बूट घालून त्याच्या घरी जावे लागेल. खर्च दोन बाकांचा आहे. किल्ली कोणाकडे असते, हे प्रत्येक धर्मग्रामात सर्वांना ठाऊक आहे.